पाणी उतरायची वाट न बघता

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. पण इंदापूर-बारामतीकडच्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी सगळ्यांना एक काम सांगितलंय.

उन्हाळा तापला, उजनीचं पाणी खूपच उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं. त्यानंतरचं सगळं ठरलेलं असतं. ड्रोन उडतो, शिखराला एक गिरकी मारतो, मागं बासरी वाजते आणि खाली ओळ येते की बघा, इतकी वर्षं पाण्यात राहूनही कसं दिमाखात उभं आहे. सुट्टीच्या दिवशी पुण्याकडून गाड्या येतात. पाऊस पडतो, पाणी चढतं, देऊळ जातं आणि गाड्याही जातात.

त्याच दिवसांत बातम्यांत दुसरी गोष्ट चालू असते. उजनी 'उणे' झाली. हे उणे प्रकरण बाहेरच्या लोकांना कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. धरणाची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी. त्यातलं ५३.५७ टीएमसी उपयुक्त, आणि त्याच्या खालचं ६३.६६ टीएमसी मृतसाठा. उपयुक्त संपलं की धरण शून्यावर आलं म्हणायचं. त्याखाली गेलं की उणे. २०२४ च्या उन्हाळ्याच्या शेवटी उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. म्हणजे कागदावर जे पाणी 'मृत' आहे, त्यातलंच तीसेक टीएमसी आपण तोवर वापरून बसलो होतो.

या मृतसाठ्याच्या तळाला आमचं जुनं गाव आहे.

मी भिगवण-पळसदेव पट्ट्यातल्या एका पुनर्वसित गावठाणातला. शिक्षण बारामतीत, रोज एसटीनं ये-जा. पदवीचा अभ्यास एकीकडं चालू आहे, आणि गेल्या दीड वर्षापासून सिनेमा शिकतोय. शिकतोय म्हणजे मोठी फी भरून नाही. पुण्यात लॉ कॉलेज रोडला प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आमच्या गावावरनं सकाळी निघालं तर दुपारच्या आत तिथल्या गेटवर पोचता येतं. गेटच्या आत जायला मात्र प्रवेश परीक्षा, पैसा आणि घरच्यांची समजूत अशा तीन गोष्टी लागतात, आणि तिन्हीवर काम चालू आहे.

तोवर आम्ही सहा जण दर रविवारी बारामतीत एका मित्राच्या खोलीवर जमतो आणि एक सीन बघतो. अख्खा सिनेमा नाही, तीन-चार मिनिटांचा एकच सीन. पहिल्यांदा नुसता बघायचा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐकायचा. चौथ्यांदा वही घेऊन बसायचं: शॉट किती, प्रत्येक किती सेकंदांचा, कॅमेरा कुणाच्या उंचीवर आहे, कुणाच्या बाजूला उभा आहे, कट नेमका कधी होतो. शेवटी एकच प्रश्न: कॅमेरा दुसरीकडं ठेवला असता तर या सीनचा अर्थ काय झाला असता?

आई म्हणते, "एवढा वेळ पुस्तक घेऊन बसला असतास तर आत्तापर्यंत तलाठी झाला असतास." तिचंही चुकत नाही.

आम्ही सगळ्यात जास्त वेळा बघितला तो 'फँड्री'. याला एक कारण घरचं आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. करमाळा म्हणजे आमच्यासाठी पाण्याचा पलीकडचा काठ. नगरला कम्युनिकेशनचं शिक्षण घेताना त्यांनी 'पिस्तुल्या' ही छोटी फिल्म केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ ला 'फँड्री' आला, २०१६ ला 'सैराट'. आपल्यासारखी भाषा बोलणारा, आपल्यासारखं ऊन बघितलेला माणूस तिथवर गेला, एवढी एक गोष्ट आमच्या खोलीतल्या सहा जणांना रविवारचं लवकर उठवायला पुरते.

'फँड्री'त डुक्कर पकडायचा लांबलचक प्रसंग आहे. डुक्कर एकदाचं टप्प्यात येतं आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो. त्याच्याकडं बघून बाप थांबतो, घरचे सगळे थांबतात. डुक्कर काही थांबत नाही. आवाज बंद करून हा सीन बघितला तर नुसती माणसं पुतळ्यासारखी उभी दिसतात, काही कळत नाही. डोळे मिटून ऐकला तर शाळेतलं रोजचं राष्ट्रगीत, बाकी काही नाही. दोन्ही एकत्र आल्यावर मात्र घशात काहीतरी अडकतं. आम्ही हे तीन रविवार करत होतो. चित्र एक गोष्ट सांगतं, आवाज दुसरी सांगतो आणि बघणाऱ्याला तिसरीच कळते, हे मला पुस्तकातनं कधी समजलं नसतं.

पुढं तेच डुक्कर काठीला बांधून घरची माणसं खांद्यावरनं नेतात, ती शाळेच्या भिंतीपुढून. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. कुणी त्या चित्रांकडं बोट दाखवत नाही. संवाद नाही. माणसं आपली ओझं घेऊन चाललीत. आमच्यातला एक जण म्हणाला, "मी हा सीन केला असता तर एकाला तरी भिंतीकडं बघायला लावलं असतं." आम्ही सगळ्यांनीच लावलं असतं. मंजुळ्यांनी नाही लावलं. योग्य जागी उभं राहिलं की सांगावं लागत नाही.

दुसरा सिनेमा चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट', २०१४ चा. त्यात शेवटाकडं उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं. लोक निघून जातात, एकेक दिवा बंद होतो, पडदा काळा होतो. वाटतं, संपलं. पण सिनेमा संपत नाही. तो सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशांच्या मागं जातो. या एका सीनवरनं आम्ही 'थांबणं' शिकलो. आपल्या मोबाईलच्या सवयीत काम झालं की रेकॉर्डिंग बंद. पण माणूस बोलायचा थांबतो तेव्हा बऱ्याचदा त्याचं खरं सुरू होतं. कॅमेरा आणखी दहा सेकंद चालू ठेवला पाहिजे.

इथवर सगळा बनवलेला सिनेमा झाला. मला करायचीय डॉक्युमेंटरी, म्हणजे माहितीपट. माहितीपटात सगळं खरंच असतं असा आपला समज असतो. पण १९२२ चा 'नानूक ऑफ द नॉर्थ' बघा. जगभर माहितीपटाचा आद्य नमुना म्हणून त्याचं नाव घेतात. त्यात बर्फाचं घर दाखवलंय, ते खरं घरच नाही. आत कॅमेरा मावेना, उजेड पुरेना, म्हणून रॉबर्ट फ्लॅहर्टीनं अर्धं उघडं घर बांधून घेतलं आणि माणसांना त्यात झोपायला लावलं. तिथली माणसं तोवर बंदुकीनं शिकार करायला लागली होती, यानं त्यांना भाल्यानं करायला लावली. बघणाऱ्याला जुनं, भोळं, निसर्गातलं काहीतरी बघायचं होतं, ते त्याला मिळालं. त्या माणसाचं नावसुद्धा नानूक नव्हतं.

हे वाचल्यावर मला पळसदेवच्या देवळावरचे ड्रोन आठवले. तिथंही बघणाऱ्याला जे बघायचंय तेच मिळतं. प्राचीन देऊळ, निळं पाणी, गूढ संगीत. त्या देवळाच्या आजूबाजूला राहणारी माणसं कुठं गेली, हे कुणी विचारत नाही.

आणि आपला भाग कॅमेऱ्यात येतो तरी कसा? एक, बारामतीचा विकास: रुंद रस्ते, कॉलेजांच्या इमारती, हिरवागार ऊस, सगळं वरनं घेतलेलं. दोन, निवडणूक. तीन, पाण्याचं भांडण. २०२१ ला उजनीतनं इंदापूरसाठी ५ टीएमसी पाण्याचा निर्णय झाला, सोलापूर जिल्हा पेटला, महिन्याभरात निर्णय रद्द झाला. त्या महिन्यात आमच्याकडं जेवढे कॅमेरे आले तेवढे नंतर वर्षभर आले नाहीत. चौथं म्हणजे भिगवणचे फ्लेमिंगो. पक्षी सुंदर आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. पण पक्ष्यांच्या मागं जे दलदलीचं पाणी दिसतं, तिथं कुणाचं तरी शेत होतं.

म्हणून मी ठरवलं की माझी पहिली फिल्म याच पाण्यावर करायची आणि ती माझ्या आजीच्या तोंडून सांगायची. आजीचं माहेर आणि सासर दोन्ही पाण्याखाली आहे. धरणाचं काम १९६९ ला सुरू झालं आणि १९८० ला संपलं. ती तेव्हा लेकुरवाळी होती. आत्ता ऐंशीच्या घरात आहे. आणि एक गोष्ट बघा. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ चा. म्हणजे भिंत आधी उभी राहायला लागली, कायदा सात वर्षांनी आला. त्या मधल्या वर्षांत कुणाला काय मिळालं, काय राहिलं, हे एका जागी लिहिलेलं सापडत नाही. ते म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे.

माझा पहिला आराखडा सोपा होता. मे महिन्यात पाणी उतरेल, जुन्या गावाच्या जोत्यांचे दगड वर येतील, मी आजीला तिथं घेऊन जाईन. ती आपल्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहील. आमच्या रविवारच्या खोलीत हा सीन सगळ्यांना आवडला. कुणीही म्हणेल, फिल्मचा शेवट हाच.

घरी रात्री जेवताना हे सांगितलं. वडील, म्हणजे आप्पा, ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हंजी पाणी कधी उतरतंय याची तू वाट बघणार."

मी म्हणलं, "हो आप्पा, त्याशिवाय गाव दिसायचं कसं?"

"आरं, तुझं गाव वर आलं की माझी मोटार कोरडी पडती."

जे धरणकाठी राहत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमची शेती फुगवट्याच्या पाण्यावर आहे. पाणी मागं सरकायला लागलं की मोटार पुढं सरकवायची. पाइप जोडायचे, केबल वाढवायची, गाळात गुडघाभर उतरायचं. पाणी आणखी लांब गेलं की चार-पाच जणांनी मिळून जेसीबी लावायचा आणि चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणायचं. दोन दिवसांत चारी पुन्हा गाळानं भरते. २०२४ ला आमच्या घरानं हे सगळं केलं. केबलीचा खर्च वेगळा, चोरीची भीती वेगळी, म्हणून रात्री काठावर झोपायचं. उसाचं काय झालं ते विचारू नका.

म्हणजे माझ्या फिल्मला जे हवं तेच माझ्या घराला नको. देऊळ दिसावं, जोती दिसावीत, आजीचा उंबरा दिसावा, यासाठी दुष्काळ पडायला पाहिजे. उणे साठ टक्के पाहिजे. सोलापूरच्या नळाला पाणी कमी यायला पाहिजे. मी शॉटसाठी जे मागणार, ते कुणीही शहाणा माणूस देवाकडं मागणार नाही.

आणि निसर्गही आपल्या शूटिंगच्या वेळापत्रकानं चालत नाही. २०२५ ला मेच्या शेवटच्या आठवड्यातच पाऊस कोसळला. बारामती-इंदापुरात घरांत पाणी शिरलं, धरण भर उन्हाळ्यात भरायला लागलं. आप्पा खूश होते. मी वहीत 'पुढच्या वर्षी' लिहिलं आणि आजीकडं बघितलं. पुढच्या वर्षीचा भरवसा धरणाचाही नाही आणि ऐंशीच्या माणसाचाही नाही.

काय करावं हे ठरेना. शेवटी एका संध्याकाळी आजीला घेऊन काठावर गेलो, पाणी तुडुंब असताना. शूटिंग म्हणून नव्हे, आवाज कसा येतो ते तपासायला. वारा होता, मोटारींचा आवाज होता. मी विचारलं, "आजी, गाव कुठं होतं गं?"

तिनं हात वर केला. "ती बोट दिसतीय का? तिच्या अलीकडं चावडी. चावडीच्या मागं आमची गल्ली. तिकडं जिथं पाणी चमकतंय तिथं हीर होती, गोड पाण्याची. तिथनं खाली उतरलं की नदी. उन्हाळ्यात नदीत वाळू असायची, वाळूत हातभर झिरा केला की पाणी."

मग तिनं घराचं सांगितलं. निघताना दाराची चौकट उचकटून बैलगाडीत घातली होती. जातं घेतलं. तुळस घेतली, ती वाटेत वाळली. शेजारच्या बाईनं घर सोडताना जमीन सारवली होती. "पाण्यात जायाचं घर कशाला सारवतीस म्हणून सगळ्या हसल्या. ती म्हणली, घाण ठिवून कसं जाऊ?"

एवढं बोलून ती थांबली. मी काही बोललो नाही. तिचा हात अजून पाण्याकडंच होता. 'कोर्ट'मधला तो काळा झालेला पडदा आठवत होता. दहा-पंधरा सेकंदांनी ती आपणहून म्हणाली, "तिला कुठं जमीन दिली, कुणाला ठावं. परत भेट नाय झाली."

घरी येऊन हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा समोर निकाल लागल्यासारखा होता. जोती दिसायची गरजच नाही. भरलेलं पाणी, त्यावरनं जाणारी एक बोट आणि आजीचा आवाज. चित्रात पाणी, आवाजात गाव. 'फँड्री'त जब्या काळ्या चिमणीच्या मागं फिरतो, आणि ती चिमणी दिसण्यापेक्षा त्याचं शोधणंच आपल्याला जास्त आठवतं. पाणी उतरल्यावर दिसतात ते दगड. गाव होतं ते माणसांचं, आणि माणसं आत्ता, या क्षणी, आपापल्या ओसरीवर बसलेली आहेत. त्यांच्यासाठी धरण उणे व्हायची वाट बघायची काही गरज नाही.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी काय केलं होतं, माहितीय? कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि ते उगवून वाढेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. ती मिनिटभराची फिल्म दाखवून त्यांनी लोकांकडून भांडवल उभं केलं. आपल्या मराठी मुलखातल्या सिनेमाची सुरुवात अशी एका रोपाकडं रोज बघत बसण्यानं झाली. आणि आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' करायला १४ वर्षं घेतली. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबार झाला, तिथपासून ते त्या माणसांकडं पुन्हा पुन्हा जात राहिले. फिल्म २०११ ला आली. रोज जाणं आणि पुन्हा जाणं, या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत. आमच्याकडं तेवढंच भांडवल आहे.

तर आता आराखडा असा आहे. वीस-बावीस मिनिटं. एक फोन, उसना स्टँड, उसना कॉलर माईक. पाच भाग:

एक, आजी आणि भरलेलं पाणी.

दोन, आप्पा आणि मोटार. पाणी चढताना मोटार मागं घेणं आणि उतरताना पुढं नेणं, दोन्ही. वर्षभर महिन्यातनं एकदा, त्याच जागी उभं राहून.

तीन, भिगवणचा मासळी बाजार, पहाटेचा. चिलापी, कटला, वाम. धरणानं शेत नेलं आणि काहींच्या हातात जाळं दिलं, हेही खरं आहे. ते सोडलं तर फिल्म रडगाणं होईल.

चार, गाळपेर. पाणी सरकल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करणारी माणसं. हे त्या वर्षी जमलं तर. नाही जमलं तर नाही.

पाच, कळाशीचा काठ.

हा पाचवा भाग सगळ्यात अवघड. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून आपल्या कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. एक जण पोहून काठाला लागला. एनडीआरएफची पथकं शोध घेत होती आणि काठावर कॅमेऱ्यांची गर्दी होती. लक्षात घ्या, धरण तेव्हा नीचांकाकडं चाललं होतं. ज्याला आपण मृतसाठा म्हणतो त्या पाण्यात हे झालं. या काठावरनं त्या काठाला लोक हौसेनं जात नाहीत. सोयरीक पलीकडं असते, बाजार असतो, शेत असतं. धरणाच्या आधी ही एकमेकांना लागून असलेली गावं होती, मधे नदी होती. नदीचा समुद्र झाला आणि रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा पडायला लागला. पुलाची मागणी जुनीच आहे. दुर्घटनेनंतर ती सगळ्यांना आठवली, कुगाव-शिरसोडी पूल मंजूर झाला. पूल होईल तेव्हा चांगलंच आहे.

याचं चित्रण कसं करायचं यावर आमच्या खोलीत दोन रविवार भांडण झालं. एक म्हणाला, नातेवाइकांची मुलाखत घेऊ. दुसरा म्हणाला, बोट आणून प्रसंग पुन्हा उभा करू, रात्रीचा, दिवे लावून. मी म्हणलं, दोन्ही नाही. घरातलं माणूस गेलेल्याला 'तुम्हाला काय वाटतं' हे विचारायला अख्खी मीडिया येऊन गेली, त्यात आपली भर नको. आणि पुन्हा उभा केलेला प्रसंग म्हणजे अर्धं उघडं बर्फाचं घर. आम्ही काठ दाखवणार. पलीकडं जायचं म्हणून थांबलेली माणसं, त्यांच्या हातातल्या पिशव्या, वाऱ्याकडं बघणारी त्यांची नजर. बघणाऱ्याला पुढचं आपोआप कळेल. ज्याला कळणार नाही त्याच्यासाठी तारीख आणि सहा हा आकडा पडद्यावर लिहू. नावं घरच्यांनी हो म्हटलं तरच.

आता काम सांगतो.

१९७५ ला जो वीस वर्षांचा होता तो आज सत्तरीत आहे. आपल्या तालुक्यात, पलीकडं करमाळ्यात, वर दौंड-कर्जतला अशी माणसं अजून आहेत. आणखी दहा वर्षांनी फार थोडी असतील. त्यांच्यावर फिल्म मी एकटा करू शकत नाही, आणि करायचीही नाही. प्रत्येक घरात फोन आहे. ज्या घरात असं माणूस आहे त्या घरानं स्वतःच रेकॉर्डिंग करायचं. पद्धत सोपी आहे:

फोन आडवा धरा, कशाला तरी टेकवून ठेवा. माणसाचं तोंड खिडकीकडं किंवा दाराकडं, म्हणजे उजेड चेहऱ्यावर येतो. पंखा, टीव्ही बंद. दुसरा फोन असेल तर आवाजासाठी तो जवळ ठेवा.

सुरुवातीला तुम्ही नाव, जुनं गाव, तारीख बोला. मग विचारा. "कसं वाटलं" असं विचारू नका, उत्तर येत नाही. "घरातनं बाहेर पडलं की आधी काय दिसायचं", "पाणी कुठनं आणायचा", "निघताना गाडीत काय काय घातलं" असं विचारा. मधे बोलू नका, दुरुस्त करू नका. माणूस थांबला तरी दहा सेकंद थांबा.

जमेल तर घरातले कागदही बघा. जुना सातबारा, भूसंपादनाच्या नोटिसा, पुनर्वसनाचे दाखले, जुन्या गावच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला. लग्नाचा एखादा फोटो असेल तर त्यात नवरा-नवरीच्या मागं काय दिसतंय ते बघा. बऱ्याच गल्ल्यांचा तेवढाच फोटो शिल्लक असेल.

रेकॉर्डिंगची प्रत दोन ठिकाणी ठेवा. आणि त्या माणसाची परवानगी दोनदा घ्या. एकदा रेकॉर्डिंगच्या आधी आणि एकदा त्यांना ते दाखवून झाल्यावर. ते नको म्हणाले तर ते घरातच राहू द्या. घरात राहिलं तरी ते राहतं, हे महत्त्वाचं.

मला पाठवलंच पाहिजे असं नाही. पाठवलंत तर तुमच्या नावानं जपून ठेवीन, विचारल्याशिवाय वापरणार नाही. एकच गोष्ट मात्र सगळ्यांनी करा. तुमच्या जुन्या गावातल्या एका जागेचं नाव खाली लिहा. गावाचं नाव कुठंतरी नकाशात, सरकारी कागदात सापडतं. विहिरीचं, ओढ्याचं, पाराचं, शेताच्या तुकड्याचं नाव कुठंच सापडत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा.

आमच्यापासून सुरुवात करतो. गोड्या पाण्याची ती विहीर. आजी तिला 'थोरली हीर' म्हणते.